तुम्ही विचारलंत म्हणून: फोनवरून कसली आली थेरपी?

लग्नाच्या पंगतीत नाहीतर एसटीत, ओळखीचं कुणी शेजारी आलं की दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. "तुमच्या बाबूची म्हणे फोनवरून थेरपी केलीत? फोनवरून कसली आली थेरपी? मुलाला हातसुद्धा न लावता?" विचारणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. काही नुसतेच चौकस. आणि एखादी बाई अशी, की तिच्या कडेवर दोन-अडीच वर्षांचं पोर असतं, ती आवाज खाली आणून विचारते आणि विचारताना माझ्याकडे बघत नाही. हे लिहिते आहे ते तिच्यासाठी. चौकसांनी वाचलं तरी हरकत नाही.

आम्ही कणकवलीचे. बाबू आता सात वर्षांचा आहे. दोन वर्षांचा झाला तेव्हा तोंडात एक शब्द नव्हता. हाक मारली तर वळायचा नाही, पण स्वयंपाकघरात झाकण पडलं की दोन खोल्या ओलांडून धावत यायचा. बोट दाखवून काही मागणं नाही. माझं मनगट धरायचा आणि हात फडताळाकडे न्यायचा, हात म्हणजे जशी काही माझ्यापासून सुटी असलेली एक पक्कड. सासूबाई म्हणायच्या, "ह्येचो बापूस पण उशिराच बोलूक लागलेलो." एका डॉक्टरांनी सांगितलं, मोबाइल बंद करा, तीन महिन्यांनी दाखवा. बंद केला. तीन महिन्यांनी बाबू होता तसाच होता, आम्ही दोघं मात्र जास्त चिडके झालो होतो.

मग कानाची 'बेरा' झाली, म्हणजे मुलाला ऐकू येतं की नाही ते बघणारी तपासणी. ती झोपेत करतात, म्हणून आदल्या रात्री पोराला जागवा, सकाळी गाडीत डोळा लागू देऊ नका, हे सगळं केलं. कान उत्तम निघाले. पुढे गोव्यात डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियनकडे, म्हणजे मुलांची वाढ-विकास बघणाऱ्या डॉक्टरांकडे, दोन भेटी झाल्या आणि कागदावर शब्द आला: ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. खाली लिहिलेलं, आठवड्यातून तीन-चार दिवस थेरपी.

कुठे? कोल्हापूरला जायचं तर घाट चढून-उतरून अख्खा दिवस जातो, आणि बाबूला गाडी लागते. दोन महिने आठवड्यातून एकदा तेही केलं. पंचेचाळीस मिनिटं थेरपी, दार बंद, आम्ही बाहेर बाकावर. बाबू बाहेर यायचा तेव्हा गालांवर सुकलेले ओघळ असायचे. "छान चाललंय," एवढंच आम्हाला कळायचं. काय छान चाललंय, ते आम्ही कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

पुण्याच्या एक स्पीच थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर आईबापांना शिकवतात असं नणंदेकडून कळलं. पहिल्याच कॉलवर मॅडम म्हणाल्या, "मी बाबूशी बोलणार नाही. मी तुमच्याशी बोलणार." खरं सांगते, मला फसल्यासारखं वाटलं. पैसे मुलाच्या थेरपीचे आणि शिकवणी माझी?

पद्धत साधी होती. पंधरा दिवसांतून एकदा तासभर कॉल, तोही दुपारी, बाबू झोपल्यावर. त्याआधी मी त्याच्याशी खेळतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा. मुद्दाम काही करायचं नाही, रोज खेळता तसं खेळा. आता फोन ठेवायचा कुठे? बाबूला तो दिसला की खेळ संपलाच. शेवटी साखरेच्या डब्यामागे, दोन बरण्यांच्या फटीतून नजर बाहेर अशी जागा सापडली. ज्या फोनला डॉक्टरांनी घरातून हद्दपार करायला सांगितलं होतं, तोच आता फडताळात लपून आमच्यावर पाळत ठेवून होता.

पहिला व्हिडिओ मला अजून पाठ आहे. बाबू जमिनीवर पालथा पडून स्टीलच्या डब्याचं झाकण गरगर फिरवतोय, गाल फरशीला टेकवून. मी समोर. "बाबू, हे काय आहे? झाकण. बोल, झाकण. हे बघ, भूभू बघ. भूभू कसा करतो? इकडे बघ ना. रंग कोणता?" स्टीलच्या झाकणाचा रंग विचारत होते मी.

मॅडमनी माझी एकही चूक काढली नाही. उलट विचारलं, यात तुम्हाला तुमचं काय आवडलं? मला काही सुचेना. मग म्हणाल्या, "बाबूनं तुमच्याकडे कधी पाहिलं?" मी म्हटलं, नाहीच पाहिलं, तेच तर दुखणं आहे. त्यांनी व्हिडिओ मागे नेला आणि दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर थांबवला. झाकण फिरून फिरून खाली बसतं, शेवटची खणखण होते आणि बाबू मान उचलतो. माझ्याकडे बघतो. डोळ्यांत सरळ, पापणी लवेल इतकाच वेळ. आणि मी? मी टोपलीत हात घालून दुसरं खेळणं शोधतेय, तोंडानं "भूभू, भूभू" चालूच.

तीनदा पाहिलं ते. तिसऱ्यांदा मला रडू फुटलं. मॅडम पलीकडे गप्प बसल्या होत्या, घाई नव्हती त्यांना. नंतर म्हणाल्या, "तो बघतो, आई. फक्त कमी वेळा बघतो आणि पटकन बघतो. तुम्हाला त्याच्यापेक्षा हळू व्हायचंय."

फोनवरून कसली थेरपी म्हणता, तर ही. त्या कॉलवर थेरपी माझ्या नजरेची झाली. बंद दाराआड कुणी कितीही चांगलं शिकवलं असतं, तरी तो क्षण मला दिसला नसता. थेरपिस्ट आठवड्यात एक-दोन तास असते, झाकणं घरात दिवसभर पडत असतात.

पंधरा दिवसांचा गृहपाठ मिळाला तो असा: प्रश्न बंद. दुसरं झाकण घ्या, त्याच्या शेजारी पालथं पडा, तुम्हीही फिरवा. झाकण पडलं की एकच शब्द, "पडलं." मग मनात पाचपर्यंत मोजा. पाच म्हणजे किती, हे गप्प बसणाऱ्या बाईलाच कळतं. माझं दोनवरच तोंड उघडायचं. चौथ्या दिवशी बाबूनं स्वतःचं झाकण माझ्या बाजूला सरकवलं. काही बोलला नाही, बघितलंही नाही. पण सरकवलं. तोवर त्यानं कुठलीही वस्तू दुसऱ्याकडे सरकवली नव्हती.

पुढे कधी कधी थेट कॉलही व्हायचा. माझ्या एका कानात इयरफोन, मॅडमचा आवाज हळू: "थांबा... थांबा... आता." ओटीवरचा झोपाळा मागे ओढून धरायचा, "एक... दोन..." म्हणायचं आणि तीन गिळून टाकायचं. बाबूनं काहीही केलं, पाय हलवला, घशातून आवाज काढला, वळून पाहिलं, की "तीन!" आणि झोपाळा सोडायचा. अंघोळीच्या तांब्याशी तेच, भाताच्या घासाशी तेच. वेगळा तास काढून 'आता थेरपी' असं करायचं नाही, हे त्यांचं ठाम म्हणणं होतं, आणि म्हणूनच ते मला झेपलं.

त्यांनी नवऱ्याचाही व्हिडिओ मागवला. आमचे हे मुळात घुमे. बाबूजवळ बसले, त्यानं दगड ओळीत लावले, यांनीही लावले, दहा मिनिटांत दोन शब्द बोलले असतील. मॅडम खूश. "बाबांचं थांबणं किती सुंदर आहे!" लग्नाला नऊ वर्षं झाली होती, ज्या गुणावरून मी यांच्याशी भांडत आले त्याला पुण्याहून प्रशस्तिपत्र आलं. दोन दिवस धुसफुसत होते मी.

हे असलं काही जगात खरंच चालतं का, की एका बाईची कल्पना, ही शंका मलाही होती. मग वाचत गेले. या पद्धतीची मुळं ब्रिटनमधल्या 'पॅक्ट' नावाच्या अभ्यासात आहेत: १५२ लहान मुलं, दोन गट, त्यातल्या एका गटात आईबापांना त्यांचेच व्हिडिओ दाखवून शिकवायचं. २०१० साली निकाल आले तेव्हा आईबापांचं प्रतिसाद देणं खूप सुधारलं होतं, पण मुलांच्या ऑटिझमच्या लक्षणांत फारसा फरक नव्हता. तिथेच वही मिटली असती. पण साधारण सहा वर्षांनी तीच मुलं पुन्हा तपासली, तेव्हा या गटातल्या मुलांची लक्षणं दुसऱ्या गटापेक्षा सौम्य निघाली. २०१६ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. आणि आमच्या शेजारी गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं, आणि तिकडे पाकिस्तानात रावळपिंडीलाही, तीच पद्धत दक्षिण आशियातल्या घरांसाठी बेतून 'पास' या नावानं तपासली. ६५ मुलं, दोन ते नऊ वर्षांची. सहा महिन्यांत बारा सत्रं, आणि शिकवायला तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यसेवक होते. आईबाप मुलाच्या कलानं घेऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. मात्र आई-मूल दोघांचं एकाच गोष्टीत लक्ष लागण्याचा वेळ काही वाढला नाही, उलट कमी भरला. हेही त्यांनी लपवलं नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

ही सत्रं समोरासमोर झाली होती, फोनवर नाही, हे सांगायला हवं. दूरवरून शिकवण्याचे सुरुवातीचे प्रयोग अमेरिकेत झाले, तेही मोजक्या कुटुंबांवर. मग करोना आला आणि जगभर सगळ्यांवरच तो प्रयोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठी एक कार्यक्रम आहे, नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटींचा. त्याचीही आता ऑनलाइन आवृत्ती आहे, फुकट.

"म्हणजे तुमचंच चुकत होतं तर?" हाही प्रश्न येतो, बहुतेक वेळा बायकांकडूनच. नाही. थंड स्वभावाच्या आयांमुळे ऑटिझम होतो असं विसाव्या शतकात मोठमोठे डॉक्टर छातीठोकपणे सांगत, आणि ते सपशेल खोटं ठरून किती दशकं झाली. माझा थोरला मुलगा याच घरात, याच आईच्या याच "रंग कोणता?"वर दीड वर्षाचा असताना पोपटासारखा बोलत होता. साध्या मुलाला साधी आई पुरते. बाबूला जरा तयारीची आई लागते, एवढंच.

आता फोनचे तोटे. आषाढात आमच्याकडे लाइट जाते आणि नेटवर्क तिच्या मागोमाग. अर्धा तास मॅडमच्या पडद्यावर आमचा थिजलेला पंखा. ते सोडा. बाबू पांढरी पेज आणि भात सोडून काही तोंडात घेत नव्हता, टाचा टेकत नव्हता. तिथे फोन अपुरा पडला. खाणं-चालणं अशा रोजच्या गोष्टींवर काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला त्याला प्रत्यक्ष पाहावं लागलं आणि त्यासाठी आम्ही महिन्यातून एकदा गोव्याला जात राहिलो. निदानही फोनवर उरकायची गोष्ट नव्हे. आणि हे सगळं येतं आईच्या डोक्यावर, हे कुणी बोलत नाही. 'पालक' म्हणायचं आणि वेळ विचारायची आईची. धुणं, डबे, सासूबाईंच्या गोळ्या, त्यात पाचपर्यंत मोजणं. पहिल्या वर्षी मी तीनदा म्हटलं की मला हे जमत नाही. मॅडमनी तिन्ही वेळा गृहपाठ कमी केला. वाढवणारी भेटली असती तर मी सोडून दिलं असतं.

म्हणून कडेवर पोर घेतलेल्या बाईला मी एवढंच सांगते. आधी बेरा कर. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी 'एम-चॅट' नावाची वीस प्रश्नांची यादी आहे, हो-नाही इतकीच उत्तरं, ती डॉक्टरांसमोर भर. त्यानं ऑटिझम ठरत नाही, पुढे तपासायचं की नाही ते ठरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी, म्हणजे अशा मुलांना लवकर तपासून मदत करणारी सरकारी केंद्रं आहेत, तिथे चौकशी कर. निदानाच्या कागदासाठी थांबून राहू नकोस, मुलाच्या कलानं खेळायला कागद लागत नाही. फोनवरची थेरपिस्ट धरलीस तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक विचार. ती मुलाला पडद्यासमोर बसवून 'बोल, ए फॉर ॲपल' करू लागली तर कॉल बंद कर. आणि 'सहा महिन्यांत बरा करतो' म्हणणाऱ्याच्या दारात उभी राहू नकोस, मग तो घाटावरचा असो की ऑनलाइन.

बाबू बोलतो का, हे तुम्ही मनात विचारताय ते कळतं. बोलतो. वाक्यं छोटी असतात, कधी मधलाच शब्द गाळतो, घाईत असला की अजून मनगट धरतो. शाळेत जातो, सोबत सावलीसारखी एक ताई असते. झाकणं अजून फिरवतो. पण आता दोन घेऊन येतो.

परवा शेजारच्या काकी आल्या होत्या. बाबू ओटीवर उभा राहून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता, शब्द येत नव्हता. काकी लाडानं सुरू झाल्या, "काय होया? पाणी होया? खाऊ होया? आई होयी?" तांदूळ निवडता निवडता सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"गो, जरा गप रव. तो सांगतलो."