जुन्या आरएफसी वाचत स्वतःचं टीसीपी लिहिलं : माझा अनुभव

टीसीपी, म्हणजे दोन संगणकांमध्ये डेटा न हरवता, क्रमानं पोचवणारा इंटरनेटचा प्रोटोकॉल. त्याचं कनेक्शन जोडायला तीन निरोप का लागतात, दोनांत का भागत नाही? पॉलिटेक्निकमध्ये नेटवर्किंग शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतो. ‘दोन्ही बाजूंची खात्री पटावी म्हणून’ हे पाठ्यपुस्तकातलं उत्तर मला कधीच पुरेसं वाटलं नाही. खात्री कशाची? आणि ती नाही पटली तर नेमकं काय बिघडतं? शेवटी ठरवलं की टीसीपी स्वतः लिहूनच बघायचं. तेही तयार ट्युटोरियल समोर न ठेवता, मूळ आरएफसी, म्हणजे इंटरनेटचे नियम आणि चर्चा लिहिलेली क्रमांकित टिपणं, वाचून, जुन्यापासून नव्याकडे अशा क्रमानं.

या सगळ्या आरएफसी फुकट मिळतात. साध्या मजकुराच्या फायली, चित्रंसुद्धा टाइपरायटरच्या रेघांनी काढलेली. टीसीपी लिहायला खरं तर सप्टेंबर 1981 ची आरएफसी 793 पुरते, आणि ऑगस्ट 2022 पासून तिची जागा आरएफसी 9293 नं घेतली आहे. पण मला नियम हवे होते तितकीच त्यांची कारणंही हवी होती, म्हणून सुरुवात केली पहिल्या क्रमांकापासून.

पहिली आरएफसी 7 एप्रिल 1969 ची. लिहिणारा स्टीव्ह क्रॉकर, तेव्हा लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएत शिकत होता. अर्पानेटची, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकी जाळ्याची, पहिली चार ठिकाणं ठरली होती : यूसीएलए, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट, सांता बार्बरा आणि युटा. प्रत्येक ठिकाणच्या मोठ्या संगणकाशेजारी बीबीएन कंपनीनं तयार केलेला आयएमपी नावाचा छोटा संगणक बसणार होता आणि पॅकेटं, म्हणजे निरोपाचे छोटे तुकडे, इकडून तिकडे नेणं हे त्याचं काम होतं. पण मोठ्या संगणकांनी एकमेकांशी बोलायचं कोणत्या भाषेत, हे कुणीच ठरवून दिलेलं नव्हतं. ते काम या विद्यार्थ्यांवर आलं. पहिलं आयएमपी यूसीएलएत पोचलं ऑगस्टच्या अखेरीला. म्हणजे यंत्र यायच्या कितीतरी आधी नियमांची चर्चा कागदावर सुरू झाली होती.

तिसरी आरएफसी तर मी आता वर्गात वाचूनच दाखवतो. टिपणं कशी लिहायची याचे नियम तिच्यात आहेत आणि ते कमालीचे मोकळे आहेत. कुठलाही विचार, कुठलीही सूचना चालेल. घोटून घोटून नीटनेटकं करण्यापेक्षा वेळेवर लिहा. छापलेली गोष्ट म्हणजे अंतिम शब्द, असा समज होऊन लोक लिहायला कचरतात, तो कचरण्याचा भाव घालवायचा आहे, असंही त्यात स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे विद्यार्थ्याला प्रोजेक्ट रिपोर्टच्या बाइंडिंगचा रंग आधी सांगितला जातो. म्हणून मला हे पान फार मोलाचं वाटतं.

एनसीपीच्या, म्हणजे अर्पानेटच्या पहिल्या होस्ट प्रोटोकॉलच्या आरएफसी मी भराभर चाळल्या. लक्षात ठेवण्यासारखा मुद्दा एकच : एनसीपीनं सगळा भार आयएमपींच्या जाळ्यावर टाकला होता. खालचं जाळं पॅकेट हरवू देणार नाही, हे गृहीत धरलं होतं. एकच जाळं, एकाच कंपनीनं बांधलेलं, तोवर हे चालून गेलं. मग रेडिओवरून चालणारं जाळं आलं, उपग्रहावरून चालणारं आलं. तिथे पॅकेटं हरवणारच. तीन वेगळ्या जाळ्यांतून जाणाऱ्या निरोपाची हमी मधलं कुणी देऊ शकत नसेल, तर ती दोन टोकांनीच द्यायला हवी. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी मे 1974 मध्ये जो लेख प्रसिद्ध केला, त्याच्या मुळाशी हा विचार आहे. तो वाचल्यावर टीसीपीत क्रमांक, पोच आणि पुन्हा पाठवणं हे सगळं का आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

डिसेंबर 1974 च्या आरएफसी 675 पाशी मी बराच रेंगाळलो. टीसीपीचा हा पहिला पूर्ण तपशील. लेखक तिघे : व्हिंट सर्फ, योगेन दलाल आणि कार्ल सनशाइन. योगेन दलाल हे आयआयटी मुंबईचे पदवीधर. तिथून ते स्टॅनफर्डला सर्फ यांच्याकडे संशोधनाला गेले होते. आज प्रत्येक फोनमध्ये चालणाऱ्या प्रोटोकॉलच्या पहिल्या मसुद्यावर पवईत शिकलेल्या माणसाचं नाव आहे, आणि आपल्या नेटवर्किंगच्या पुस्तकांत त्याचा साधा उल्लेख मला सापडला नाही. मुलांना हे मी आवर्जून सांगतो.

मात्र 675 वाचताना एक गोष्ट खटकते : तिच्यात आयपी, म्हणजे पॅकेट पत्त्यावर नेणारा वेगळा थर, नाही. पत्ता शोधून पॅकेट पोचवणं आणि हरवलेलं परत पाठवणं, ही दोन्ही कामं एकाच टीसीपीच्या गळ्यात आहेत. ऑगस्ट 1977 मध्ये आरएफसींचे संपादक जॉन पोस्टेल यांनी एका टिपणात सरळ लिहिलं की थर वेगळे ठेवण्याचं तत्त्व मोडून आपण रचना बिघडवतो आहोत. दुसरीकडे नेटवर्क संशोधक डॅनी कोहेन यांना जाळ्यावरून आवाज पाठवायचा होता. आवाजाचा तुकडा हरवला तर एक वेळ चालतं, पण तो उशिरा येऊन उपयोग नाही. मग हरवलेलं पुन्हा मागवणारं टीसीपी त्यांनी का वापरावं? 1978 मध्ये दोन भाग वेगळे झाले : खाली आयपी, वर टीसीपी. ज्यांना पुन्हा पाठवणी नको त्यांच्यासाठी यूडीपी. यूडीपीची ऑगस्ट 1980 ची आरएफसी 768 जेमतेम तीन पानांची आहे. ज्याला पहिल्यांदाच आरएफसी वाचायची आहे त्यानं तीच घ्यावी.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे येतो. लिनक्समध्ये टीयूएन नावाची सोय आहे. तिनं एक आभासी नेटवर्क कार्ड तयार होतं, आणि त्यावर येणारं प्रत्येक आयपी पॅकेट आपल्या प्रोग्रॅमच्या हातात पडतं. या मार्गाचा मोठा फायदा असा की आपल्या प्रोग्रॅमला स्वतंत्र आयपी पत्ता देता येतो. नाहीतर ज्या पोर्टची (प्रोग्रॅमच्या दाराच्या क्रमांकाची) खबर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला नाही, त्यावर आलेल्या पॅकेटला कर्नल स्वतःच ‘रीसेट’, म्हणजे कनेक्शन तोडण्याचा निरोप, पाठवून मोकळा होतो आणि आपलं कनेक्शन जन्मायच्या आत संपतं. मी सी भाषेत लिहिलं. पायथनमध्येही जमेल.

सर्वांत आधी पिंगला, म्हणजे ‘तू आहेस का’ असं विचारणाऱ्या पॅकेटला, उत्तर द्यायला शिकवलं. त्यासाठी आयपीचा 20 बाइटचा हेडर (पॅकेटच्या सुरुवातीची माहिती) वाचता यावा लागतो, बाइटांचा क्रम सांभाळावा लागतो आणि चेकसम (मजकूर वाटेत बिघडला का हे ओळखणारी बेरीज) काढावा लागतो. चेकसमचं गणित सोपं आहे : सोळा-सोळा बिटांच्या संख्यांची बेरीज करायची, बाहेर पडलेला हातचा पुन्हा बेरजेत घालायचा, शेवटी सगळे बिट उलटे करायचे. टीसीपीत मात्र एक गंमत आहे. तिथल्या बेरजेत पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ताही धरावा लागतो, जो टीसीपीच्या हेडरमध्ये नाहीच. कारण 793 मध्ये दिलंय : वाट चुकून भलत्याच ठिकाणी पोचलेलं पॅकेट तिथल्या तिथे ओळखता यावं. चेकसम बरोबर आला की नाही हे वायरशार्क, म्हणजे पॅकेटं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर, लगेच दाखवतं, म्हणून ते पहिल्यापासून चालू ठेवावं.

आणि मग तीन निरोप.

गाभा आहे तो जुन्या पॅकेटांच्या प्रश्नात. जाळ्यात कुठेतरी अडकलेलं पॅकेट कनेक्शन बंद झाल्यावरही येऊन टपकू शकतं. 793 मध्ये एखादं पॅकेट जाळ्यात जास्तीत जास्त 2 मिनिटं जगेल असं धरलंय. म्हणून प्रत्येक नव्या कनेक्शनमध्ये डेटाला देण्याचा सुरुवातीचा क्रमांक वेगळा हवा. बीबीएनचे रे टॉमलिन्सन, ज्यांनी 1971 मध्ये जाळ्यावरून पहिली ईमेल पाठवली तेच, यांनी 1975 मध्ये हा क्रमांक कसा निवडावा यावर काम केलं. 793 मध्ये त्यासाठी एक घड्याळ सांगितलंय, साधारण दर 4 मायक्रोसेकंदांना एकानं वाढणारं. 32 बिटांचा पूर्ण फेरा व्हायला 4.55 तास लागतात. आज हे घड्याळ जसंच्या तसं वापरायचं नाही. पुढचा क्रमांक ओळखता आला तर खोटं कनेक्शन घालता येतं, म्हणून त्यात न ओळखता येणारा भाग मिसळतात.

दोन निरोपांत काय बिघडतं हे मी करूनच पाहिलं. एका जुन्या, बंद झालेल्या कनेक्शनमधलं ‘सिन’, म्हणजे कनेक्शन मागणारा पहिला निरोप, आणि त्यामागचं डेटाचं पॅकेट साठवून ठेवलं आणि नंतर माझ्या प्रोग्रॅमकडे पुन्हा सोडलं. तिसऱ्या निरोपाची वाट न पाहणारी आवृत्ती तात्काळ कनेक्शन जुळलं असं मानून बसली आणि समोरून रीसेट यायच्या आत जुना डेटा वरच्या ॲप्लिकेशनच्या हातात गेलासुद्धा. तो डेटा म्हणजे पैसे वळते करण्याची आज्ञा असती तर ती दुसऱ्यांदा अमलात आली असती. तीन निरोपांच्या आवृत्तीत प्रोग्रॅमनं ‘सिन-ॲक’ हा दुसरा निरोप पाठवून वाट पाहिली. समोरचा म्हणाला, हा क्रमांक माझा नाही, आणि रीसेट आला. प्रोग्रॅम पुन्हा ऐकण्याच्या अवस्थेत. 793 मधली नववी आकृती हेच दाखवते. खात्री कशाची, तर समोरून आलेला निरोप आत्ताचा आहे याची. हे उत्तर मला इतक्या वर्षांनी मिळालं, आणि ते 1970 च्या दशकातल्या माणसांनी किती बारकाईनं शोधलं होतं हे पाहून मन भरून आलं.

अवस्थांचं काम त्यामानानं सरळ होतं. कनेक्शनच्या अकरा अवस्था आहेत. 793 च्या शेवटाकडे पॅकेट आल्यावर कोणत्या अवस्थेत काय तपासायचं, कोणत्या क्रमानं, हे ओळीनं लिहिलंय. ते जवळजवळ शब्दशः कोडमध्ये उतरवता येतं. इथे आपली अक्कल चालवू नये, तपासण्यांचा क्रम बदलला की वेगळंच काही होतं. क्रमांकांची तुलना करताना 32 बिटांचा फेरा पूर्ण होऊन शून्यावर येतो, हे पहिल्या ओळीपासून ध्यानात ठेवावं. नेटकॅट या छोट्या साधनानं कनेक्शन जोडून पाठवलेली ओळ माझ्या प्रोग्रॅमकडून तशीच परत आली, तेव्हा घरच्यांना हाका मारून दाखवली.

यानंतरचा टप्पा मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. पोच आली नाही तर किती वेळानं पुन्हा पाठवायचं? लिनक्सच्या नेटेम या सोयीनं पोचपावत्या मुद्दाम उशिरा सोडता येतात. उशीर माझ्या टायमरपेक्षा जास्त झाला आणि प्रोग्रॅम तेच ते पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवू लागला, पहिलं सुखरूप पोचलेलं असूनही. पावसाळ्यात घाटात वाहतूक तुंबली की मागचे ड्रायव्हर उलट्या लेनमध्ये घुसतात आणि दोन्ही बाजू ठप्प होतात, तसं हे. ऑक्टोबर 1986 मध्ये खऱ्या जाळ्यावर नेमकं हेच घडलं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर सुमारे 400 यार्ड. तिथला वेग सेकंदाला 32 किलोबिटांवरून 40 बिटांवर आला. प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी विद्यापीठातल्या माइक कॅरल्स यांच्याबरोबर कारणं खोदून काढली आणि 1988 मध्ये उपाय मांडला. हळू सुरुवात करा, पोच येईल तसा वेग वाढवा, पॅकेट हरवलं की ताबडतोब मागे सरका. टायमर ठरवताना जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळाची नुसती सरासरी न बघता त्यातले चढउतारही धरा. 793 मध्ये फक्त सरासरी होती. मी आधी तिचंच सूत्र लिहिलं, मग जेकबसन यांचं बसवलं, आणि त्याच उशिरात फाजील पॅकेटं जवळपास थांबली. कागदावर ही दुरुस्ती म्हणजे मोजक्या ओळी. इंटरनेट आज उभं आहे त्यात या ओळींचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

मधल्या काळातली एक गोष्ट मुलांना फार आवडते. 1 जानेवारी 1983 ला अर्पानेटनं एनसीपी सोडून टीसीपी-आयपी घेतलं. त्याचा आराखडा पोस्टेल यांनी नोव्हेंबर 1981 मध्येच आरएफसी 801 म्हणून लिहून ठेवला होता. दुसरीकडे ओएसआयचे, म्हणजे टीसीपी-आयपीच्या स्पर्धक रचनेचे, सात थर 1984 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. आपल्याकडच्या अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्यावर, ज्यात मुंबईचं एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई या संस्था होत्या, टीसीपी-आयपी आणि ओएसआय दोन्ही चालत. 1995 नंतर जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी-आयपीवर आली. अभ्यासक्रमात मात्र सात थर अजून पहिल्या धड्यात आहेत. ते काढून टाका असं मी म्हणत नाही, पण त्यांच्या आधी आरएफसी 675 मधली दोन पानं मुलांसमोर ठेवावीत.

कुणाला हे करायचं असेल तर वाचनाचा क्रम असा ठेवा : 3, 768, 675, 791 (आयपीची), 793, मग जेकबसन यांचा लेख, आणि शेवटी 9293, कारण 793 मधल्या बऱ्याच दुरुस्त्या तिच्यात एकत्र केल्या आहेत. वाचता वाचता लिहा, सगळं वाचून होईपर्यंत थांबू नका. माझ्या प्रोग्रॅमला अजून मधलंच हरवलेलं पॅकेट नेमकं सांगता येत नाही, त्यासाठी 1996 ची आरएफसी 2018 समोर उघडलेली आहे. दिवाळीच्या सुट्टीत तेवढं बसवायचं ठरवलंय, तिसऱ्या वर्षातल्या तीन-चार मुलांना सोबत घेऊन.