उसाच्या चिपाडातले नॅनोतंतू रबरात मिसळताना – माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं रबर मोल्डिंगचं युनिट आहे. बुश, गॅस्केट, फौंड्रीतल्या शॉट ब्लास्टिंग मशिनचे रबरी पडदे असली कामं. पडद्यांना सतत छर्‍यांचा मार असतो त्यामुळं मजबुतीसाठी कार्बन ब्लॅक (काजळीसारखी बारीक काळी पूड) भरपूर घालावा लागतो, १०० भाग रबराला ४०-५० भाग सहज, आणि तो येतो खनिज तेलातनं. इकडं आपल्या जिल्ह्यात गळीत हंगामात चिपाडाचे डोंगर लागतात आणि बहुतेक सगळं बॉयलरमध्ये जातं. त्या चिपाडात ४० टक्क्यांच्या वर सेल्युलोज (झाडाला ताठपणा देणारा तंतुमय पदार्थ) असतं, आणि सेल्युलोजच्या स्फटिकाचा ताठरपणा १३० गिगापास्कलच्या पुढं, म्हणजे काचेच्या धाग्यापेक्षा जास्त. हे वाचल्यापासून डोक्यातनं विषय जाईना. जपानमध्ये ॲसिक्सनं २०१८ ला बुटाच्या मिडसोलमध्ये आणि सुमितोमो रबरनं २०१९ ला टायरमध्ये सेल्युलोज नॅनोफायबर (म्हणजे सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू) वापरलं, म्हणजे ही नुसती कागदावरची गोष्ट नाही.

तंतू काढायचं काम ओळखीच्या एका लॅबमध्ये केलं. चिपाड चाळून भुसा वेगळा केला, ४ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ८० अंशाला दोन तास शिजवलं (तंतूंना चिकटून बसलेलं लिग्निन, हेमिसेल्युलोज बर्‍यापैकी सुटतं, पाणी काळं चहासारखं होतं), मग सोडियम क्लोराईटनं पांढरं होईपर्यंत ब्लीच. ब्लीचिंगला पिवळसर विषारी वायू सुटतो, फ्यूम हूड नसेल तर कृपा करून घरी किंवा शेडमध्ये करायला जाऊ नका. शेवटी तो लगदा हाय प्रेशर होमोजिनायझरमधनं (जोराच्या दाबानं बारीक फटीतनं ढकलून तंतू सुटे करणारं मशीन) पुन्हा पुन्हा काढला. हातात येते ती घट्ट जेल, पण त्यात तंतू फक्त १ टक्का आणि बाकी ९९ टक्के पाणी! आमच्या रबर मळायच्या मिलवरच्या मामांनी डबा उघडून बघितला आणि म्हणाले, "दादा, ही काय तांदळाची पेज आणलायसा व्हय? ह्येनं रबर घट्ट हुतंय?"

खरी गोम इथनं पुढं आहे. मजबुती तंतूत असते हे खरं पण ती रबरात उतरायची तर तंतू सुटा-सुटा पसरला पाहिजे, आणि सेल्युलोज पाणीप्रेमी, रबर पाण्याला उभं न करणारं. जेल वाळली की तंतूंवरचे हायड्रॉक्सिल गट एकमेकांना हायड्रोजन बाँडनं धरतात आणि मग परत भिजवलं, दळलं, काही केलं तरी ते पहिल्यासारखे सुटत नाहीत. मला हे डोळ्यानं बघायचं होतं म्हणून मुद्दाम दोन्ही पद्धतीनं शीट केली, एक जेल वाळवून पावडर करून सरळ मिलवर रबरात घातलेली आणि दुसरी ओली जेलच लॅटेक्समध्ये (रबराच्या झाडाचा दुधासारखा चीक) मिसळून.

लॅटेक्सचं गणित आधी मांडा. बाजारातल्या लॅटेक्समध्ये ६० टक्के रबर असतं, म्हणजे १०० ग्रॅम रबराला साधारण १६७ ग्रॅम लॅटेक्स. ५ भाग तंतू पाहिजेत तर १ टक्क्याची जेल ५०० ग्रॅम. म्हणजे १०५ ग्रॅम मालासाठी साडेपाचशे ग्रॅमच्या वर पाणी उडवायचं! सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो ह्या पाण्यानंच, आणि आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट म्हणजे काही सांगायलाच नको, ओव्हनमधनं काढलेली शीट बाहेर ठेवली की परत दमट.

मिसळताना लॅटेक्स फाटू नये हे बघायचं. त्यात अमोनिया असतो, पीएच १० च्या आसपास, आणि जेलमध्ये ब्लीचिंगचं ॲसिड राहिलं असेल तर घातल्या घातल्या गुठळ्या. म्हणून जेल न्यूट्रल होईपर्यंत धुवायची, वर अमोनियाचे थोडे थेंब टाकायचे, लॅटेक्स थोडं पातळ करायचं आणि स्टिरर हळू फिरवत जेल थोडी थोडी सोडायची. जोरात फिरवलं की फेस होतो आणि तो फेस शीटमध्ये बुडबुडे होऊन बसतो. ट्रेमध्ये ओतायचं ते पातळ थरातच, जाड ओतलं तर वर साय धरते आणि आत पाणी अडकतं. ५० अंशाला वाळताना पांढरं दूध हळूहळू मधासारखं पारदर्शक होत जातं आणि मधे कुठं पांढरट राहिलं असेल तर तिथं अजून ओल आहे असं समजायचं.

पुढचं काम मामांच्या हातातलं. झिंक ऑक्साईड, स्टिअरिक ॲसिड, ॲक्सिलरेटर, सल्फर, सगळं दोन रोलच्या मिलवर, रोल थंड ठेवून, मग १५० अंशाला प्रेस. शीट ट्यूबलाईटसमोर धरली तेव्हाच निकाल कळला. पावडरवाल्या शीटमध्ये मोहरीएवढे पांढरे ठिपके, लॅटेक्सवाली एकसारखी. डंबेल (चाचणीसाठी मधे बारीक कापलेल्या पट्ट्या) कापून ओढले तर पावडरवाली ठिपक्यापासनंच तुटायची, बिनतंतूच्या रबरापेक्षाही लवकर. लॅटेक्सवालीचा १०० टक्के ताणावरचा मॉड्युलस (म्हणजे पट्टी दुप्पट लांब होईपर्यंत ओढायला लागणारा जोर) बिनतंतूच्या शीटच्या दुपटीजवळ गेला, तोही फक्त ५ भागांत! मामांनी स्वतः ओढून बघितलं आणि पुढची बॅच कधी विचारलं, मला तर त्या दिवशी जेवणच सुचेना.

एक लक्षात ठेवा, मिलवर तंतू रोल फिरतात त्या दिशेनं झोपतात, त्यामुळं डंबेल उभे आणि आडवे दोन्हीकडनं कापा, नाहीतर आकडा फुगलेला दिसतो. आणि तोटा होतो तो लांबण्यात, माझी तंतूवाली शीट साध्या रबराइतकी लांबली नाही. पाण्यात ठेवली तर जास्त फुगते पण, म्हणून पाण्याच्या पंपाच्या सीलला मी सध्या हे वापरणार नाही. पडद्यासाठी आता कार्बन ब्लॅक थोडा कमी करून त्याजागी तंतू असं कंपाउंड लावलंय आणि तंतू-रबराची पकड वाढवायला सिलेन (दोन्हींना जोडणारं रसायन) घालून बघायचंय.

कुणी करणार असाल तर जेल फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, झाकण घट्ट लावून. फ्रीझरमध्ये अजिबात नको, गोठली की बर्फाचे स्फटिक तंतूंना एकमेकांवर दाबतात आणि वाळवल्यासारख्याच गाठी होतात.