तांबड्या मातीत न्हाणारे गिधाड

डिचोलीला आमच्या घरी पावसाळ्यात पांढरा सदरा फार दिवस पांढरा राहत नाही. अंगणातली तांबडी माती त्याच्या कडा धरते आणि कितीही घासले तरी तिची फिकट रेघ उरतेच. फेब्रुवारीत स्पितीतील किब्बर गावाजवळ, ४,००० मीटरांहून अधिक उंचीवर, दाढीवाले गिधाड डोक्यावरून अगदी खालून गेले, तेव्हा त्याच्या छातीवरचा तो रंग मी लगेच ओळखला.

हा रंग जन्माचा नाही. प्रौढ पक्ष्याची मान व छाती मुळात पांढरट असते. लोहयुक्त झऱ्याकाठच्या ओल्या मातीत तो आपणहून न्हातो आणि ती पिसांत मुरवून घेतो. पिंजऱ्यात वाढलेले पक्षी पांढरेच राहतात, पण त्यांच्यापुढे ओली तांबडी माती ठेवली की ते तिच्यात अंग घोळू लागतात. काही अभ्यासक या रंगाला जंतूंपासूनचे संरक्षण मानतात, तर काही मोठेपणाची खूण. मला दुसरे मत अधिक पटते, कारण असा झरा शोधायला आणि तिथे निवांत न्हायला तो मुलूख पायाखालचा असावा लागतो.

त्याचे मुख्य अन्न म्हणजे हाडे. लहान हाड तो सबंध गिळतो आणि त्याच्या जठरातील अतितीव्र आम्ल ते विरघळवते. मोठे हाड मात्र उंचावरून खडकावर टाकून फोडावे लागते. त्या सकाळी त्याने पायांत धरून आणलेले हाड पहिल्यांदा बर्फात पडले आणि आवाजही झाला नाही. तो घिरट्या घेत खाली उतरला, हाड उचलून पुन्हा वर गेला आणि या वेळी उतरत्या कातळावर त्याचा कडकन तुकडा पडलेला आम्ही सर्वांनी ऐकला. जवळ बसून तो खाऊ लागला तेव्हा दुर्बिणीतून चोचीखालची काळी, राठ दाढी आणि पिवळ्या डोळ्याभोवतीचे लालभडक कडे स्पष्ट दिसत होते.

कोकरे पळवणारा म्हणून आल्प्समध्ये याच पक्ष्याला माणसांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मारून संपवले, ही गोष्ट मला अजून सलते. १९८६ साली तिथे पिंजऱ्यात जन्मलेली पिल्ले सोडण्यास सुरुवात झाली आणि १९९७ मध्ये पुन्हा पहिले पिल्लू मोकळ्या कड्यावर वाढले.

अंडी तो ऐन हिवाळ्यात घालतो, म्हणजे पिल्लू बाहेर येते तेव्हा वितळत्या बर्फाखालून थंडीने मेलेली जनावरे उघडी पडू लागतात. अंडी बहुधा दोन असतात, पण जगते एकच पिल्लू. उबवण्याचे काम नर-मादी दोघेही आळीपाळीने करतात. आम्ही पाहत होतो तो पक्षी खाणे आटोपल्यावर समोरच्या कड्यातील एका खोबणीकडे गेला, आणि थोड्या वेळाने त्याच खोबणीतून दुसरा, अधिक तांबडा पक्षी बाहेर पडून दरीवर तरंगू लागला.