ज्याला चूळ भरता येत नाही

माझा धाकटा भाऊ बाळू आता चाळिशीचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नाही, शिवाय फिट्सच्या गोळ्या सुरू. स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, भरवावं लागतं. मधूनमधून छातीत कफ व्हायचा, ताप चढायचा आणि साताऱ्यात आमची हॉस्पिटलची वारी ठरलेली. एक्स-रेत बहुतेक वेळा उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग न्यूमोनियाने धरलेला असायचा. उजवी श्वासनळी डावीपेक्षा रुंद आणि सरळ उतरती असते, त्यामुळे अन्ननलिकेऐवजी चुकून श्वासनळीत गेलेलं अन्न किंवा लाळ बरंचसं तिकडेच जाऊन बसतं.

मग प्रत्येक जण आईला विचारायचा, ठसका लागला का? आडवं ठेवून भरवलं का? माझ्या आईने त्याला कधीच आडवं ठेवून भरवलेलं नाही. मऊ भात, दाटसर वरण, पाठीला उशी, जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवणं, हे ती वर्षानुवर्षं करत आली आहे. तरी संशय तिच्यावरच. याचा मला आजही राग येतो.

बाळूच्या तोंडात बॅटरी मारून पहिल्यांदा पाहिलं ते एका स्पीच थेरपिस्टने, म्हणजे बोलण्या-गिळण्याच्या त्रासावर काम करणाऱ्या मुलीने. गालफडात भाताची शितं अडकलेली, टाळूला वाळलेला चिकट थर, खालच्या दातांच्या मागे किटण, हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या. ती आईला म्हणाली, "काकू, घास तुम्ही जपूनच देता. पण लाळ तो दिवसरात्र गिळतोय. त्या लाळेत काय आहे, ते आता बघू या."

झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेत आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या जाते. आपण खोकतो, फुप्फुसं उरलेलं निस्तरतात. बाळूचा खोकला कमजोर आहे, आणि कधी कधी लाळ चुकीच्या वाटेने जाते तेव्हा तो खोकतच नाही. त्यामुळे "ठसका लागला नाही" याचा अर्थ "आत काही गेलं नाही" असा होत नाही. अशा माणसाच्या दातांवर थर साचला की त्यात न्यूमोनिया करणारे जंतू वाढतात आणि लाळेबरोबर खाली उतरतात.

नंतर मी यावर मिळेल ते वाचत गेले. अमेरिकेत 1998 साली वृद्धांवर झालेल्या एका अभ्यासात न्यूमोनिया होण्यात नुसत्या गिळण्याच्या त्रासापेक्षा तीन गोष्टी जास्त वजनदार ठरल्या: भरवायला दुसरं माणूस लागणं, दात घासायला दुसरं माणूस लागणं आणि किडलेल्या दातांची संख्या. हे वाचताना मला बाळूच दिसत होता. जपानमध्ये 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षं पाहिलं गेलं. जिथे कर्मचारी रोज जेवणानंतर दात घासून देत आणि दंतवैद्य नियमित येत, तिथे 11 टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांत 19 टक्के. उलट, अमेरिकेतल्याच कनेक्टिकट राज्यात अशाच उपायांचा मोठा प्रयोग फरक दिसेना म्हणून मध्येच थांबवावा लागला. म्हणजे ब्रश केला की न्यूमोनिया होणारच नाही, असं मी कुणाला सांगणार नाही. पण ज्याला स्वतःला चूळ भरता येत नाही त्याचं तोंड दुसऱ्या कुणी साफ करायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आमच्याकडे सकाळचा ब्रश मी करते, रात्रीचा बाबा करतात. बाळूला सरळ बसवायचं, मान किंचित पुढे झुकलेली. मान मागे टाकली की तोंडातलं सगळं घशात ओघळतं. आधी गालाला बाहेरून हात लावायचा, मग ओठांना, मग ब्रश. ब्रश एकदम तोंडात गेला तर तो जबडा करकचून आवळतो. तो हट्ट नसतो, त्याच्या स्नायूंना ते आवरत नाही. अशा वेळी ओढाताण करायची नाही, जबडा सैल पडेपर्यंत थांबायचं. दातांच्या मध्ये बोट कधीच घालायचं नाही. जाड दांड्याचा दुसरा ब्रश दाढांमध्ये आडवा धरला की बाकीचं घासता येतं. लहान मुलांचा छोटा मऊ ब्रश, फेस न होणारी फ्लोराइडची पेस्ट, तीही दात माखण्यापुरतीच. मग ओलं गॉज पिळून गालफडं, जीभ आणि टाळू पुसून घ्यायचे. पाणी ओतायचं नाही. माउथवॉशचंही तेच, ज्याला थुंकता येत नाही त्याच्या तोंडात ओतलं तर ते कुठे जाईल, विचार करा.

हॉस्पिटलात हे सगळं सुटतं. ऑक्सिजन, सलाइन, वाफ, सगळं वेळेवर होतं, पण ब्रश कुणाच्याच यादीत नसतो. मी सिस्टरांना विचारून स्वतः करते. एकदा शेजारच्या कॉटवरच्या आजोबांच्या सुनेने मला विचारलं, "यांना तर नाकातून नळी आहे, तोंडाने काहीच खात नाहीत, मग दात कशाला घासायचे?" मी तिला म्हटलं, ताई, नळी असली तरी लाळ सुटायची थांबत नाही. उलट चावणं बंद झाल्यावर तोंड कोरडं पडतं आणि थर लवकर चढतो. त्या संध्याकाळी तिने ओल्या गॉजने त्यांची टाळू पुसली तेव्हा पापुद्र्यासारखा तपकिरी थर निघाला. आजोबा बराच वेळ ओठ चाटत राहिले.

दंतवैद्य मिळणं हा वेगळाच त्रास. एका दवाखान्यात जिना होता, लिफ्ट नव्हती. दुसऱ्या ठिकाणी "हा हलेल, आम्हाला जमणार नाही" म्हणून बसायलाही सांगितलं नाही. शेवटी एका बाईंनी त्याला व्हीलचेअरवरच बसवून, थोडं थोडं करत किटण काढलं. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंतचं विमा संरक्षण मिळतं. कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या.

हिरड्या कशाने वाढल्या, तेही त्याच बाईंनी सांगितलं: फेनिटॉइन. फिट्सच्या या जुन्या गोळीने हिरड्या फुगतात आणि त्यांच्याखाली घाण साचते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, त्याने फिट्स उसळतात. न्यूरोलॉजिस्टना हिरड्यांचे फोटो दाखवले, त्यांनी हळूहळू दुसरं औषध वाढवत ती कमी करायला घेतली आहे. पुढच्या भेटीत त्याच्या लाळ कमी करायच्या गोळीबद्दलही विचारायचं आहे, कारण तिने तोंड कोरडं पडतं आणि कफ घट्ट होतो.