60 लिटर खारं पाणी आणि दोन काळ्या मॉली

मे महिन्याच्या मध्यावर माझ्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमधल्या खडकाला शेवाळाचे केस फुटले. हिरवे, बोटभर लांब, पंपाच्या झोतात भाताच्या रोपांसारखे डुलणारे. रविवारी उपटून काढले की पुढच्या रविवारी तेवढेच हजर. टँक जेमतेम 60 लिटरचा, आत दोन क्लाऊनफिश आणि पाच गोगलगायी. खडक कोरडाच विकत आणून मुरवलेला, कारण समुद्र दारात असला तरी इथलं प्रवाळ उचलणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. गोगलगायी काचेवरचा तपकिरी थर चाटूनपुसून साफ करतात, पण या लांब केसांना तोंड लावत नाहीत. म्हणून शेवाळ खाणारा मासा शोधायला लागले.

मुंबईतल्या एका दुकानात फोन केला. "ताई, लॉनमोवर ब्लेनी घ्या, आठवड्यात टँक चकाचक." मासा गोड आहे, यात वाद नाही. पण तो 13 सेंटीमीटरपर्यंत वाढतो. पट्टी काचेला लावून बघितली आणि नको वाटलं. त्याहून मोठी काळजी पोटाची होती. इतक्या लहान टँकमधलं शेवाळ काही आठवड्यांत संपतं, आणि यातले बरेच मासे बाहेरचं खाणं घेतच नाहीत. पोट आत जातं आणि भरल्या टँकमध्ये मासा उपाशी मरतो. शेवाळ खाणाऱ्या सर्जन फिशचा तर विचारही केला नाही, त्याला पोहायला मैदान लागतं.

मग टेलस्पॉट ब्लेनी. साधारण 6 सेंटीमीटरचा, डोळ्याभोवती पिवळसर कडं, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका. नॅनो, म्हणजे अगदी छोट्या टँकसाठी याच्याइतका योग्य मासा मला सापडला नाही, आणि कुणी विचारलं तर आजही मी त्याचंच नाव आधी घेईन. मात्र त्याचे दात फणीसारखे असतात. खडकावरची पातळ साय तो खरवडून खातो, बोटभर वाढलेले केस त्याच्या आवाक्यातले नाहीत. हे कळल्यावर माझा शोधच उलटा झाला. कोणता मासा चांगला, हे विचारण्याआधी माझं शेवाळ नेमकं कोणतं, हे बघायला हवं होतं.

मधेच भाच्याने वेगळाच उपाय आणला. सुकतीला, म्हणजे ओहोटीच्या वेळी, रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्याकडच्या कातळावर गेला होता, तिथल्या डबक्यातून बादलीत एक मासा घेऊन आला. "मावशी, हा बघ, दगडावरचं शेवाळच खात होता!" बोथट डोकं, अंगावर कातळासारखेच डाग. मन खरंच मोहात पडलं. पण अर्ध्या तासात तो पाणी सोडून बादलीच्या भिंतीला चिकटून बसला, हात जवळ नेताच उडी मारून थेट ओट्याखाली. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या माशांसारखी सवय. ज्याचा जन्म लाटांच्या माऱ्यात गेला, तो वीतभर उंच काचेत काय राहणार? संध्याकाळी आम्ही दोघांनी त्याला त्याच डबक्यात नेऊन सोडलं.

शेवटी निवड झाली ती बाजारातल्या साध्या काळ्या मॉलीची. गोड्या पाण्यातली म्हणून आपण तिला विकत घेतो, पण हळूहळू सवय लावली तर ती पूर्ण खाऱ्या पाण्यात नीट जगते, केसाळ शेवाळ ओढून ओढून खाते आणि वरचं खाणंही घेते. हा शेवटचा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात मोठा होता. दुकानात काचेसमोर उकिडवी बसून दोन नर निवडले. नराचा पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार असतो, मादीचा पंख्यासारखा. मादी आणली असती तर एकटीनेही पिल्लं घातली असती, कारण दुकानातून येतानाच ती बहुतेक वेळा गाभण असते.

1 जूनला मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या गेल्या, आणि त्याच दिवशी माझं काम सुरू झालं. पावसात किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ आणि कमी खारं होतं, म्हणून मेमध्येच कॅन भरून, गाळून ठेवले होते. 15 लिटरच्या टबात मॉली. रोज सकाळ-संध्याकाळ 2 लिटर गोडं पाणी काढायचं, 2 लिटर खारं घालायचं, तेही एअर पंपाच्या नळीला गाठ मारून थेंब थेंब. पहिल्या संध्याकाळी खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर 1.006, तिसऱ्या दिवशी 1.014. त्या रात्री एक मॉली पर मिटून तळाशी बसली, जागच्या जागी डुलत होती. त्यात लाईट गेली. बॅटरीवरचा पंप लावून मी जागी राहिले, आणि पुढचा पूर्ण दिवस पाण्याला हात लावला नाही. संध्याकाळी तिने पर उघडले. आठव्या दिवशी 1.022 झालं, मग टँकचं 1.025 पाणी थेंबाथेंबाने घालून दोघींना आत सोडलं. वर मच्छरदाणीची जाळी ताणली, कारण या उड्या मारतात.

दहा मिनिटंही गेली नसतील. एकीने केसांची एक बट तोंडात धरली, मान झटकली, तोडली, गिळली आणि लगेच दुसरी धरली.

पण नुसत्या मॉलीने भागलं नसतं. खाल्लेलं शेवाळ विष्ठा होऊन पाण्यातच राहतं, त्याचंच पुन्हा खत होतं. आणि खत मीच घालत होते. उन्हाळ्यात टँक थंड राहावा म्हणून पंखा लावला होता, त्याने रोज लिटरभर पाणी उडायचं. मीठ मागेच राहतं म्हणून भर गोड्या पाण्याची घालावी लागते, ती मी थेट विहिरीतून घालायचे, आणि त्या पाण्यातलं खत टँकमध्ये साचत जायचं. आता भरीला आरओचं पाणी, दिवा 11 तासांऐवजी 7 तास, क्लाऊनफिशचं खाणं निम्मं आणि दर आठवड्याला 6 लिटर पाणी बदल.

गणपतीपर्यंत खडक उघडा पडला. एका कडेला नाण्याएवढा जांभळा चट्टा दिसायला लागलाय. शेवाळ उरलं नाही, म्हणून एक दिवसाआड नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पट्टी चिमट्याला लावून काचेवर अडकवते. चिमटा हातात घेतलेला दिसला की दोघी कोपऱ्यात येऊन उभ्या राहतात.