टायफॉइडचा धोका असलेल्या प्रदेशातील तीन आठवडे: पुढे जाणाऱ्यांसाठी अनुभव

आम्ही तिघे परदेशातील ज्या प्रदेशात तीन आठवड्यांसाठी जाणार होतो, तेथे टायफॉइड बारा महिने आढळतो, हे तिकिटे काढल्यानंतर कळले. लशीची चौकशी केली तेव्हा समजले की इंजेक्शनची लस प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी लागते. तोंडाने घ्यायची लस तेव्हा कॅप्सूलच्या रूपात मिळत असे (तिच्या प्रमुख उत्पादकाने 2024 मध्ये तिचे उत्पादन थांबवले); ती एक दिवसाआड घ्यायची असे आणि निघण्याच्या किमान एक आठवडा आधी पूर्ण व्हावी लागे. या कॅप्सूलमध्ये दुर्बल केलेले जिवंत जिवाणू असल्यामुळे त्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागत आणि अँटिबायोटिक चालू असताना घेता येत नसत. गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना त्या सहसा देत नसत.

आम्ही दोघांनी इंजेक्शन घेतले. तिसऱ्या सोबत्याने मात्र बऱ्याच वर्षांपूर्वी कधीतरी लस घेतली होती आणि तेवढ्यावर तो निश्चिंत होता. वास्तविक नेहमीच्या पॉलिसॅकराइड लशीचा (जिवाणूच्या आवरणातील शर्करेपासून बनवलेल्या इंजेक्शनच्या लशीचा) प्रभाव दोन ते तीन वर्षांतच ओसरतो, त्यामुळे त्याचे संरक्षण केव्हाच संपले असणार. आम्ही त्याला अधिक आग्रह करायला हवा होता, असे मला आजही वाटते. अर्थात, लस घेतलेल्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण ती सर्वांना पूर्ण संरक्षण देत नाही आणि पॅराटायफॉइड या टायफॉइडसारख्याच आजारावर तर तिचा भरवसा धरताच येत नाही.

टायफॉइडला कारणीभूत असलेला साल्मोनेला टायफी हा जिवाणू फक्त माणसाच्या शरीरात वाढतो आणि रुग्णाच्या किंवा वाहकाच्या (लक्षणे नसूनही शरीरात जिवाणू बाळगणाऱ्याच्या) मलावाटे पाण्यात व अन्नात पोहोचतो. म्हणून आमचे सगळे लक्ष पाण्यावर होते. सीलबंद बाटलीचे पाणी आम्ही दात घासण्यासाठीही वापरले, बर्फ कटाक्षाने टाळला, कच्च्या कोशिंबिरींना हात लावला नाही आणि फळे स्वतः सोलूनच खाल्ली. डोंगराळ भागात बाटल्या मिळेनात, तेव्हा पाणी उकळून घेतले. एरवी खळखळून एक मिनिट उकळलेले पाणी पुरते. परंतु 2000 मीटरपेक्षा अधिक उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळत असल्याने तेथे तीन मिनिटे उकळावे.

खरी कसोटी लागली ती एका ओळखीच्या कुटुंबाने जेवायला बोलावले तेव्हा. खानावळीत आपण सहज नकार देतो, पण प्रेमाने पुढे केलेला थंड पेयाचा पेला परत करणे जड जाते. परदेशातील नातेवाईक व स्नेह्यांकडे जाणाऱ्या प्रवाशांना हा आजार होण्याचा धोका इतर प्रवाशांपेक्षा जास्त असतो, आणि त्यामागे हा संकोचही असावा असे मला वाटते. आम्ही दोघांनी पोटाची तक्रार सांगून फक्त गरम पदार्थ घेतले; सोबत्याने मात्र पेला रिकामा केला. आजार त्यातूनच आला, असे मी ठामपणे सांगू शकत नाही.

परतल्यावर बाराव्या दिवशी त्याला ताप आला. संसर्गानंतर लक्षणे दिसायला साधारण सहा ते तीस दिवस लागू शकतात, हे ठाऊक नसल्याने त्याने तो प्रवासाचा शीण समजून चार दिवस अंगावर काढला. ताप रोज चढत गेला; डोके दुखू लागले, भूक गेली, पोट जड झाले. डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर (रक्तातील जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेतले आणि कोणत्या देशातून आलात, हे आवर्जून विचारले. परतल्यावर ताप आला तर ही माहिती कोणी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून द्यावी, कारण औषधाची निवड तिच्यावर अवलंबून असते: पाकिस्तानच्या सिंध प्रांतात 2016 पासून पसरलेल्या टायफॉइडच्या प्रकारावर सेफ्ट्रायॅक्सोनसारखे नेहमीचे अँटिबायोटिक इंजेक्शनही चालत नाही.

ताप उतरल्यावरही गोळ्यांचा कोर्स अर्ध्यावर सोडू नये, असे डॉक्टरांनी त्याला बजावले. काही रुग्ण बरे झाल्यानंतरही जिवाणूचे वाहक राहतात, म्हणून मलाच्या तपासण्या निर्दोष येईपर्यंत त्याने घरातल्या कोणासाठीही स्वयंपाक केला नाही.