हात धुतले, पण हवेचं काय?

१० मार्च २०२०. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं माउंट व्हर्नन गाव. स्कॅजिट व्हॅली कोराल नावाच्या समूहगायनाच्या मंडळाची तिथल्या चर्चमध्ये तालीम होती. दारात सॅनिटायझर ठेवलेलं होतं. हस्तांदोलन नको, गळाभेट नको, हे सगळ्यांनी पाळलं. अडीच तास गाणं झालं. आलेल्या ६१ जणांत एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत त्या एकासकट ५३ जण कोविडनं आजारी पडले, त्यातले दोघे दगावले.

मी मिरजेत गाणं शिकवते. त्यामुळे ही हकिगत वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. त्या लोकांनी हातांची काळजी घेतली होती हो! पण गाणारा माणूस दमसास भरून घेतो आणि तो सगळा सुरासकट बाहेर सोडतो. त्यासोबत थुंकीचे बारीक बारीक कण बाहेर पडतात. मोठे थेंब थोड्या अंतरावर खाली पडतात. डोळ्यांना न दिसणारे कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. शेजारच्याच्या छातीत जायला त्यांना कुणाच्या हाताची गरज लागत नाही.

साबण करतो ते काम खरं आहे. कोरोनासारख्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबणानं ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. पण तो हातावर असेल तर. आपण दिवसाला काही हजार लिटर हवा आत घेतो, ती हवा काही साबणाखालून जात नाही.

मला राग येतो तो हे सांगायला लागलेल्या उशिराचा. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविड हवेतून पसरत नाही, असं ठामपणे जाहीर केलं. जुलैमध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी लिहिलेल्या पत्राला २३९ शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिला: हवेतला संसर्ग मान्य करा. आपल्याकडे केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं बारीक कण १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, खिडक्या-दारं उघडी ठेवा, असं साध्या भाषेत सांगितलं ते मे २०२१ मध्ये. तोवर दुसऱ्या लाटेनं घरंच्या घरं रिकामी केली होती. त्याआधीचं सगळं वर्ष आपण भेंड्या, दुधाच्या पिशव्या, किराणा धूत होतो, आणि दारं-खिडक्या लावून एकमेकांसमोर बसत होतो. दूषित वस्तूला एकदा हात लागला तर संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं. बायकांनी किती कष्ट उपसले त्या धुण्या-पुसण्यात! तेवढीच काळजी हवेची घ्यायला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर.

माझ्या क्लासची खोली माडीवर आहे, दोन बाजूंना खिडक्या. तरी त्या बंदच असायच्या. शेजारी तक्रार करतात, रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज येतो, आणि पंखा लावला की लगेच कुणीतरी म्हणतं, "बाई, पंखा नको, घसा धरतो." एका विद्यार्थिनीचे वडील इंजिनिअर आहेत. त्यांनी एकदा कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आणून तबल्याशेजारी ठेवलं. बाहेरच्या हवेत हा आकडा दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असतो. मुली बसल्या, यमनचे पलटे सुरू झाले, खिडक्या बंद. आकडा हळूहळू चढत २,००० च्या वर गेला. म्हणजे आम्ही एकमेकींनी सोडलेला श्वासच परत परत आत घेत होतो. मग समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडल्या. पहिला पलटा पुन्हा घेऊन होईपर्यंत आकडा उतरायला लागलेला मुलींनी स्वतः पाहिला. लहान मुलींना मी उदबत्ती दाखवते. खिडकी बंद असताना तिचा धूर खोलीभर साचतो, उघडली की निघून जातो, तसंच हे.

त्या दिवसापासून खिडक्या उघड्याच असतात. शेजाऱ्यांशी बोलून मोठ्या आवाजाचा रियाज संध्याकाळी सातच्या आत संपवायचं ठरवलं. पंखा घशावर येणार नाही असा उलटा, खिडकीकडे तोंड करून ठेवला, म्हणजे तो आतली हवा बाहेर ढकलतो. खोकला असलेल्या मुलीनं घरीच स्वर घोटायचे. परीक्षा तोंडावर असेल आणि यायलाच हवं असेल, तर नाकावर घट्ट बसणारा एन-९५ लावून फक्त ऐकायला बसायचं.

मिरजेत हे नवं वाटायला नको खरं तर. इथल्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम होतं. जिथे जिथे सॅनिटोरियम बांधली, तिथे मोकळी हवा आणि ऊन हाच उपचाराचा गाभा होता. क्षय हवेतून पसरतो हे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला ठाऊक होतं.

म्हणून हात धुणं सोडायचं का? अजिबात नाही. कराचीच्या गरीब वस्त्यांमध्ये घरोघरी साबण देऊन केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या घरांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्यानं घटला, जुलाबही निम्म्याहून कमी झाले. सर्दीचे काही विषाणू हातावरून नाका-डोळ्यांत जातातच. साबण स्वस्त आहे, तो वापरलाच पाहिजे. ज्या नोरोव्हायरसनं उलट्या-जुलाब होतात, त्याच्यावर सॅनिटायझर फारसं चालत नाही, तिथे साबण-पाणीच हवं. गुरुपौर्णिमेला आमच्याकडे प्रसाद वाटणारी मुलगी आधी कोपरापर्यंत हात धुते, आणि मी ते बघत उभी राहते.

यंदा कार्यक्रमासाठी एक सभागृह बघायला गेले होते. दारात पायानं दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड चकचकीत पुसून ठेवलेला, आणि आतल्या सगळ्या खिडक्या प्लायवूड ठोकून कायमच्या बंद. एसी होता, तो आतलीच हवा गार करून फिरवणारा. व्यवस्थापकांना मी एक्झॉस्टबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी मला माइकची यादी दाखवली. मी ते सभागृह घेतलं नाही. आता एका शाळेचा हॉल ठरवलाय. पत्र्याचं छप्पर आहे, आवाज थोडा घुमतो, पण दोन्ही बाजूंना ओळीनं खिडक्या आहेत आणि शिपाईमामांनी त्यांच्या गंजलेल्या कड्या तेल घालून मोकळ्या करून द्यायचं कबूल केलंय.